गावंड सरांना लाज वाटते

समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की गावंड सर चष्मा काढायचे. खिशातला रुमाल काढून काचा पुसत बसायचे आणि तो माणूस बोलून संपेपर्यंत चष्मा परत घालायचे नाहीत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही नीट दिसत नसे. बाहेरच्या दमट हवेतून एसीत आलं की काचांवर वाफ धरते, तसं काहीतरी असेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग एकदा सुनंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उलगडा केला.

"अगं, त्यांना लाज वाटते. खोटं बोलतो तो, आणि तोंड लपवतात हे. लग्न ठरवताना माझ्या मामांनी माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तेव्हाही हे चष्माच पुसत होते. मला वाटलं, मुलगी आवडली नाही वाटतं!"

मी शारजात वाढलेली. घरात आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. कॉलेज संपल्यावर दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या फर्ममध्ये मला नोकरी लागली. घर विकताना किंवा घेताना जे कागदोपत्री काम असतं ते आमची फर्म करायची. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, बिल्डरची एनओसी, दोन्ही बाजूंचा करार, आणि शेवटी सरकारमान्य ट्रस्टी ऑफिसात सगळ्यांना एकत्र बसवून घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करणं. इथे त्याला सगळे ट्रान्सफर म्हणतात. गावंड सर खरेदीखत म्हणायचे. वकिली शिकून त्यांनी मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरकडे उमेदवारी केली होती, आणि तिथले शब्द त्यांनी दुबईत येऊनही सोडले नव्हते. मूळचे उरणकडचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. लाज वाटली की आधी कान लाल होत, मग मान खाली जाई.

इंटरव्ह्यूत त्यांनी मला विचारलं, "मराठी येतं?"

"अ लिटल बिट, सर."

"मग आपण मराठीतच बोलू. चुकलीस तरी मी हसणार नाही."

ते खरंच कधी हसले नाहीत. माझ्या पहिल्याच महिन्यात साताऱ्याहून एका क्लायंटच्या आईचा फोन आला. मुलाच्या घराचं काम झालं का, असं आजी विचारत होत्या. इथे काम उरकलं की आम्ही सगळेच खलास म्हणतो. मी उत्साहात सांगितलं, "हो आजी, खलास! सगळं खलास!" पलीकडून एकदम रडण्याचा आवाज आला. मी घाबरून फोन सरांकडे दिला. सरांनी आजींना पाच-सहा वेळा सांगितलं की घर सुखरूप आहे, मुलगाही सुखरूप आहे, आणि चूक आमच्या ऑफिसच्या बोलण्याच्या पद्धतीची आहे. माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "अरबी खलास आणि मराठी खलास यांच्यात फरक आहे. लक्षात ठेव." त्यांचे कान मात्र लाल झाले होते, जणू ती चूक त्यांनीच केली होती.

सरही शारजातच राहायचे. शारजाहून दुबईला रोज जाणाऱ्यांना सांगायला नको, पण त्या रस्त्यावर घुसल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. सरांना घुसण्याची लाज वाटायची. बाजूच्या लेनमधून कोणी नाक खुपसलं की ते हाताने त्याला 'या' म्हणायचे. त्यामागचा, त्याच्याही मागचा, सगळे येऊन जायचे. कधीकधी मी त्यांच्या गाडीत असायची. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारमारून आम्हाला यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करायचे. मी म्हणायची, "सर, प्लीज, जस्ट गो!" ते म्हणायचे, "अगं, त्यालाही ऑफिस असेल." या सभ्यपणापायी ते इतरांपेक्षा तासभर आधी घर सोडायचे.

काकूंचं उलट. काकूंना कशाचीच लाज वाटत नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शारजाच्या मासळी बाजारात एकदा मी त्या दोघांबरोबर गेले होते. काकूंनी एक सुरमई उलटीपालटी केली, कल्ले उघडून पाहिले, आणि भाव ऐकून दोन पावलं मागे सरकल्या. "दोनशे दिरहम? म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! अरे भैया, पाच हजार में हमारे उरण में नाव भी आएगी और नाखवा भी आएगा!" आजूबाजूचे लोक हसायला लागले. मी वळून पाहिलं तर सर नाहीत. दोन ओळी सोडून एका खांबाआड उभे राहून ते बर्फ बघत होते. काकूंनी सुरमई घेतलीच, आणि वर मूठभर कोळंबी मागून घेतली. परत येताना गाडीत सर म्हणाले, "ती कोळंबी त्याने मनापासून दिली नाही." काकू म्हणाल्या, "मग मी मनापासून खाईन. तुम्ही नका खाऊ." दुपारी जेवताना सरांनी कोळंबीला खरंच हात लावला नाही.

अशा माणसाने घरांच्या व्यवहारात का पडावं, हा प्रश्न आमच्या मालकांनाही पडायचा. मालक लेबनीज होते, दिलदार होते, पण त्यांना फाइल लवकर बंद झालेली आवडायची. आणि सरांच्या फाइली लवकर बंद होत नसत. ज्या घराचं काम घ्यायचं ते घर ते आधी जाऊन बघायचे. आमच्या कामात याची काही गरज नव्हती.

एकदा पुण्याचं एक जोडपं आपला फ्लॅट विकत होतं. आम्ही त्यांच्याच बाजूचे, म्हणजे विकणाऱ्यांचे. घेणारी एक मल्याळी नर्स आणि तिचा नवरा. करारावर सह्या करायला सगळे आमच्या ऑफिसात जमले. नर्सने साधं विचारलं, घरात काही दुरुस्ती निघेल का? पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "नो नो, एव्हरीथिंग पर्फेक्ट. वी केप्ट इट लाइक अ टेम्पल."

सरांनी चष्मा काढला. बाथरूमच्या छताचा एक कोपरा तेवढा नव्याने रंगवलेला त्यांनी पाहिला होता. काचा पुसून झाल्या तरी ते पुसतच राहिले. मग उठले आणि म्हणाले, "माफ करा, मला जरा लाज वाटतेय. मी खाली चहा घेऊन येतो. तोवर तुम्ही दोन्ही बाजू आपसात बोलून घ्या." आणि खरोखर निघून गेले. आपल्याच क्लायंटला टाकून वकील चहाला गेला! मी आणि ते चौघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी पुण्याच्या बाईच नवऱ्याला म्हणाल्या, "सांग ना. मी आधीपासून म्हणत होते." गृहस्थांनी गळतीचं सांगितलं, किंमत थोडी खाली आली, सह्या झाल्या. जाताना ते लिफ्टपाशी मला म्हणाले, "कसला वकील आहे तुमचा? फी आम्ही द्यायची, आणि लाजही आमचीच काढायची!" पुढे त्याच गृहस्थांनी आपल्या भावाला आमच्याकडे पाठवलं. पण दोन ब्रोकरांनी मात्र आमच्याकडे कामं पाठवणं बंद केलं, आणि मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

सरांचा आणखी एक नियम होता. घराचा मालक इथे नसेल आणि त्याच्या मुखत्यारपत्रावर दुसरा कोणी घर विकत असेल, तर सर मालकाला स्वतः व्हिडिओ कॉल करायचे. मुखत्यारपत्र कायदेशीर असेल तर एवढं करायची गरज नसते. पण सर म्हणायचे, "ज्याचं घर जातंय त्याचं तोंड एकदा बघू दे." बहुतेक वेळा तो कॉल दोन मिनिटांचा असायचा. मालक नमस्कार करायचे, हो म्हणायचे, दुबईत गरमी किती आहे ते विचारायचे, खलास.

निखिल रणदिवे आला तेव्हाही मला तसंच वाटलं होतं.

निखिल माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, माझ्यासारखाच इथे वाढलेला, चांगले कपडे, मराठी इंग्लिश मिसळलेलं. त्याचे वडील इथल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये आयुष्यभर नोकरी करून आदल्या वर्षी नाशिकला परतले होते. त्यांनी इथे एकच फ्लॅट घेतला होता. निखिल त्यातच लहानाचा मोठा झाला. जाताना वडिलांनी भाडं, दुरुस्ती, वीजपाणी बघायला म्हणून मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं होतं. टाइप करणाऱ्याने, सगळेच करतात तसं, त्यात विकण्याचा अधिकारही घातला होता. कागद चोख होता. गिऱ्हाईक ठरलं होतं, बिल्डरची एनओसी आली होती. निखिलला फक्त लवकर हवं होतं.

सरांनी मला नाशिकला कॉल लावायला सांगितला. निखिल म्हणाला, "अंकल, डॅडना कशाला डिस्टर्ब करताय? ही नोज एव्हरीथिंग." सर म्हणाले, "दोन मिनिटं."

स्क्रीनवर रणदिवे आले. साठीचे, बनियनवर घाईने शर्ट चढवलेला, वरचं बटण चुकलेलं. मागे देवघराचा दिवा दिसत होता. सरांनी आपली ओळख करून दिली आणि म्हणाले, "तुमच्या फ्लॅटच्या विक्रीचं काम आमच्याकडे आलंय. एकदा तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं."

रणदिवे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेट अडकलं. पण त्यांच्या मागे दिव्याची ज्योत हलत होती.

आतून बाईंचा आवाज आला, "काय हो? कुठला फ्लॅट?"

"तू थांब जरा," रणदिवे मागे न वळता म्हणाले. मग स्क्रीनकडे बघून हसले. "हो हो. माहितीये ना. मीच सांगितलं निखिलला. आता आम्ही काय येतोय परत तिकडे! विकून टाक म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "निखिल आहे का तिथे?"

निखिल टेबलाच्या या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसला होता. त्याने मान वर केली नाही.

सरांनी चष्मा काढला होता. "आहे," ते म्हणाले.

"जेवला का विचारा."

कॉल संपल्यावर निखिल म्हणाला, "सी? आय टोल्ड यू." त्याचा आवाज फुटत होता. सरांनी त्याला सांगितलं, आज काही होणार नाही, उद्या फोन करतो. तो गेला. तासाभरात आमच्या लेबनीज मालकांचा फोन आला, कारण निखिलने थेट त्यांच्याकडे तक्रार केली होती. मालकांचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. "हबीबी, बाप हो म्हणाला, कागद हो म्हणतो, कायदा हो म्हणतो. तू वकील आहेस की पुजारी?" हे ते इंग्लिशमध्ये म्हणाले, पण सरांनी मला नंतर ते मराठीत सांगितलं आणि म्हणाले, "त्यांचं काही चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी रणदिव्यांना साधा फोन केला. मला त्यांनी केबिनमध्ये बसवून घेतलं होतं. एकट्याने केलेल्या फोनला साक्षीदार नसतो, असं त्यांचं म्हणणं. स्पीकर चालू होता. रणदिवे गच्चीवर आले होते असं वाटलं, वाऱ्याचा आवाज येत होता.

सर म्हणाले, "काल मुलगा समोर होता. आज नाही. तुम्हाला हे घर विकायचं नसेल तर मला एक शब्द सांगा. मी काम थांबवतो."

रणदिवे म्हणाले, "साहेब, तुम्हाला कळलंय ते मला कळलंय. त्याचा धंदा बसला. त्याने मला सांगितलं नाही, का सांगितलं नाही ते त्याचं त्याला माहीत. पण मी आता नाही म्हटलं तर काय होईल? तो तुमच्यासमोर चोर ठरेल. गिऱ्हाइकासमोर, ब्रोकरसमोर. उद्या त्याच्या आईसमोर. घर गेलं तर गेलं. ते नको मला."

"मग मी काय करू?"

"मीच सांगितलं होतं, एवढं धरून चाला. तुमचं काय जातंय?"

सर म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी मुळीच विचार केला नव्हता असं ते पुढे अनेकदा म्हणायचे, "मग तुम्ही स्वतः या. सही तुम्ही करा. म्हणजे घर तुम्हीच विकलं असं खरोखरच होईल. मुलाच्या सहीने मी करणार नाही."

रणदिवे म्हणाले, "बरं. येतो."

मला त्या दिवशी सरांचा फार अभिमान वाटला. एवढ्या पेचातून त्यांनी किती सरळ वाट काढली, असं मी घरी जाऊन आई-बाबांना सांगितलं. बाबांनी लगेच तिकिटाचा हिशोब केला, दिरहममध्ये आणि मग रुपयांत, आणि म्हणाले, "बिचाऱ्याला उगाच भुर्दंड." तेव्हा मला बाबांचाच राग आला.

रणदिवे आले. ट्रस्टी ऑफिसात ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय घालून आले होते. नोकरीत असतानाचा टाय असावा, आता गळ्याशी सैल झाला होता. निखिल त्यांच्या दोन पावलं मागे. सरांनी आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, एकदा फ्लॅट बघून यायचाय का? रणदिवे म्हणाले होते, "नको. बघितला तर सही व्हायची नाही."

मला वाटलं होतं ते गप्प बसतील. पण ते बोलत होते. सगळ्यांशी बोलत होते. गिऱ्हाइकाला म्हणाले, "मैंने ही बोला लड़के को, बेच डालो." ब्रोकरलाही तेच म्हणाले. चहा घेऊन आलेल्या नेपाळी मुलीला म्हणाले, "हम खुद आए हैं, अपना घर बेचने." कोणी काही विचारलेलं नसताना म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी हसत होते. निखिल भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. रणदिव्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्हाला सांगितलं, "थकलाय तो. माझ्यासाठी फार धावपळ केली." त्या हाताखाली निखिलची पाठ आक्रसली. ते मी पाहिलं आणि मीही दुसरीकडे बघायला लागले.

काउंटरवरची एमिराती बाई समजूतदार होती. तिने नेहमीचा प्रश्न हिंदीत विचारला, "बाबा, अपनी मर्ज़ी से बेच रहे हैं?"

"हां जी. बिलकुल. मेरी मर्ज़ी." त्यांचा आवाज एवढा मोठा झाला की बाजूच्या काउंटरवरच्यांनी वळून पाहिलं.

सर त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधायला लागले. रणदिवे त्यांच्याकडे वळले आणि अगदी हळू, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, चष्मा घाला. तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. आता तुम्ही तरी माझ्याकडे बघा."

सरांनी चष्मा घातला. सह्या संपेपर्यंत ते रणदिव्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांना इतका वेळ कोणाच्या तोंडाकडे बघताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

चेक रणदिव्यांच्या नावाचा होता. त्यांनी तो न वाचताच निखिलच्या हातात दिला. "बँकेत भर," म्हणाले. मग सरांना नमस्कार केला, मला 'येतो बेटा' म्हणाले, आणि दोघं बापलेक उन्हातून टॅक्सीकडे गेले. या वेळी निखिल पुढे चालत होता.

आम्ही गाडीत बसलो, पण सरांनी गाडी सुरू केली नाही.

"मी काय केलं हे, केतकी?"

"सर, इट वॉज द राइट थिंग. यू डिड इट प्रॉपरली."

"मुलाने सही केली असती तर त्यांना नाशिकला घरात बसून हे झाकता आलं असतं. मी त्यांना विमानात बसवून इथे आणलं. चारचौघांत उभं केलं. चहावालीला सुद्धा खोटं सांगायला लावलं. का? तर माझ्या मनाला टोचत होतं म्हणून. माझं मन स्वच्छ राहावं म्हणून मी दुसऱ्या माणसाची लाज वेशीवर टांगली."

मी सीटबेल्ट लावला. मग त्यांनी गाडी सुरू केली.

त्यानंतर सर बदलले, आणि वाईट म्हणजे हा बदल सगळ्यांना आवडला. मुखत्यारपत्राच्या फाइली ते कॉल न करता पुढे सरकवायला लागले. घरं बघायला जाणंही थांबलं. मालक खूश होते. "फायनली, गावंड इज प्रॅक्टिकल," असं त्यांनी एका पार्टीत सगळ्यांसमोर सांगितलं आणि सरांच्या खांद्यावर हात टाकला. सर हातातल्या ज्यूसच्या ग्लासकडे बघत उभे होते. एकदा न राहवून मी विचारलं, "सर, या ओनरला कॉल लावू?" ते म्हणाले, "तुला वाटत असेल तर तू लाव. माझ्यात आता विचारायची हिंमत नाही. तो खरं बोलला तर मी काय करणार?" तेव्हापासून कॉल मी लावते. माझं मराठी त्या कॉलांनीच सुधारलं.

वर्षभराने सर रिटायर झाले. मुलगी आणि जावई फुजैराला होते, जावई तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर कामाला, म्हणून सर आणि काकूही तिकडे राहायला गेले. डिसेंबरमधल्या एका शनिवारी मी आई-बाबांना घेऊन त्यांना भेटायला गेले. समुद्राजवळच घर होतं. अंगणात खुर्च्या टाकून बसलं की दूरवर तेल भरायच्या रांगेत उभी असलेली जहाजं दिसायची. आई-बाबा आत काकूंशी गप्पा मारत होते. सर बाहेर माझ्याजवळ बसले आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आम्ही नाशिकला जाऊन आलो."

गेल्या गणपतीत ते भारतात गेले होते. रणदिव्यांची माफी मागायची हे त्यांनी ठरवलं होतं. आधी फोन केला नाही. फोन केला असता तर नको म्हणाले असते. काकूही बरोबर होत्या. दार रणदिव्यांच्या बायकोने उघडलं. नाव ऐकताच त्या बाईंनी दोघांना हाताला धरून आत नेलं.

"त्या काय म्हणाल्या माहितीये?" सर समुद्राकडे बघत सांगत होते. "म्हणाल्या, 'तुम्हीच ना ते! ह्यांनी सांगितलं आम्हाला. दुबईच्या ऑफिसातून फोन आला, रणदिवे साहेब स्वतः आल्याशिवाय आम्ही हे घर कुणाच्या नावावर करणार नाही. परदेशात एवढा मान कोण ठेवतं हो आजकाल! आणि आमच्या निखिलनेही सगळं धावून धावून केलं.' सगळ्या बिल्डिंगला त्यांनी हे सांगितलेलं. शेजारची दोन माणसं मला बघायला आली."

"आणि रणदिवे अंकल?"

"कोपऱ्यात उभे होते. माझ्याकडे बघत. घरात गणपती होता, त्याच्यासमोर मला पाटावर बसवलं. बाईंनी ताटात मरून शाल आणि नारळ आणला, आणि ताट रणदिव्यांच्या हातात दिलं. तुम्ही द्या म्हणाल्या. ते ताट घेऊन माझ्यासमोर आले. मी माफी मागायला गेलो होतो, केतकी. तोंड उघडलं असतं तर त्या बाईंना सगळं कळलं असतं. रणदिवे म्हणाले, 'घ्या साहेब.' मी खाली वाकलो आणि त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

दूर एका जहाजाचे दिवे लागले होते.

"जन्मात कधी एवढी लाज वाटली नाही," ते म्हणाले. "आणि मी हसलो गं. शेजाऱ्याने फोटो काढला, त्यात मी हसतोय."

आतून काकूंनी ते शेवटचं ऐकलं असावं. आई-बाबा निघायच्या तयारीत बाहेर आले. समुद्रावरून गार वारा सुटला होता. आम्ही चपला घालत असताना काकू एक मरून रंगाची शाल घेऊन आल्या, काठाला अजून दुकानाची घडी होती, आणि त्यांनी ती सरांच्या अंगावर टाकली.

"ही कशाला आणलीस?" सर म्हणाले.

"थंडी वाजतेय म्हणून. दुसरी धुवायला टाकलीये."

सरांचा हात खांद्यापर्यंत गेला. मला वाटलं, ते आता ती काढून खुर्चीवर ठेवतील. काकू तिथेच उभ्या होत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, चारचौघांत काहीतरी सांडल्यावर लहान मूल पाहतं तसं. मग त्यांनी शालीचं एक टोक पकडलं आणि ती छातीशी नीट ओढून घेतली. गाडी वळेपर्यंत ते तसेच बसलेले मला दिसत होते.